धुण्याच्या दगडावरचं मुंगूस

मुंगसाबद्दल काही विचारायचं असेल, तर अख्ख्या चौसाळ्यात एकच माणूस आहे. तो म्हणजे मी, राजेश्वर! किराणा दुकान नावाला. गावात केबल आल्यापासून मी गल्ल्यावर बसून जनावरांचा चॅनेलच बघतो. बोलणारा इंग्रजीत बोलतो, ते मला कळत नाही. पण मुंगसाला तरी कुठं कळतं!

ही विद्या कामाला आली, ती आमच्या ईश्वरीला बघायला पाहुणे आले त्या दिवशी. ईश्वरी माझी एकुलती लेक. घाटनांदूरचे पंचाक्षरीअप्पा आपल्या श्रीशैलला घेऊन आले होते. आदल्या दिवशी मी मुद्दाम बीडला जाऊन पेढे आणले होते. मुलाला फोटोच पसंत होता. प्रश्न फक्त अप्पांचा. कडक लिंगायत माणूस! ज्या घरात अंडं शिरलं, तिथलं ते पाणीसुद्धा पीत नाहीत. आमचंही घर तसंच.

रीतीप्रमाणे त्यांना पाय धुवायला परसात नेलं. अप्पांनी धुण्याच्या दगडापाशी पाय टाकला आणि कर्रर्र! खाली अंड्याची टरफलं!

"हे काय हाय?" अप्पा गरजले.

"चुना!" मी म्हणालो.

"चुन्यात बलक असतो?"

तेवढ्यात कुंपणावरून शेजारचा धुळाजी ओरडला, "घावला चोर! शेट, आठ दिस झाले, माझ्या कोंबड्यांची अंडी गायब हायेत! मागितली असती तर दिली नसती का?"

अप्पांनी पाय न धुताच चपला घातल्या. "श्रीशैल, चल. बाराची गाडी गाठू."

दाराआड ईश्वरीचे डोळे भरले. एवढ्यात माझं लक्ष टरफलांकडे गेलं. सगळी दगडाच्या एकाच अंगाला उडालेली!

"थांबा!" मी किंचाळलो. "हे मुंगसाचं काम हाय! ते पुढच्या पायांत अंडं धरतं, दगडाकडं पाठ करतं, आन् मागच्या पायांमधून आपटतं!"

"थापा मारायलाबी काही सुमार असतो, राजेश्वर!"

"मुंगूस दिवसाचं हिंडणारं जनावर हाय, अप्पा. अर्धा तास थांबा. न्हाई आलं तर मी सोता स्टँडवर सोडतो!"

धुळाजीनं एक अंडं आणून दगडापाशी ठेवलं. आम्ही सगळे कडब्याच्या गंजीमागं उकिडवे बसलो. दहा मिनिटं झाली, वीस झाली. अप्पांच्या धोतरात मुंग्या शिरल्या.

"बाराची गाडी गेली," ते पुटपुटले.

"श्श्!"

डोंगराकडच्या बाभळींतून ते आलं! पिंगट अंग, लालसर डोळे, लांब शेपूट. मागच्या पायांवर उभं राहून चौफेर बघितलं, अंडं धरलं, पाठ केली आणि भिरकावलं. नेम चुकला! अंडं मातीत घरंगळलं. माझा जीव खालीवर!

"जरा डावीकडं घे की, बाबा!" हे कोण कुजबुजलं? खुद्द पंचाक्षरीअप्पा!

दुसऱ्यांदा फट्! बलक दगडावर!

"शाब्बास!" अप्पा ओरडत उठले. मुंगूस शेपूट फुलवून पसार. "मुंगसाचं तोंड दिसलं! लई चांगला शकुन! राजेश्वर, मी चुकलो."

धुळाजीनं माझे पाय धरले. अप्पांनी पाय धुतले, पाणी प्याले, सहा पेढे खाल्ले. तिथंच सुपारी फुटली! ईश्वरी लाजून आत पळाली. संध्याकाळपर्यंत अर्धं गाव माझ्या दुकानात लोटलं. मी छाती काढून मुंगसाचा सगळा इतिहास सहा वेळा सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको, मल्लम्मा, त्याच दगडावर धुणं धूत होती. तिनं हाक मारली.

"अवो मुंगूसपंडित, हा तुमचा परवा बीडला घालून गेलेला सदरा."

"बरं मग?"

तिनं ओली मूठ उघडली. आत खिशातून निघालेली दोन टरफलं आणि मीठ-तिखटाची चुरगळलेली पुडी.

"मुंगूस अंडी उकडूनबी खातं काय?"

काय सांगू! चॅनेलवाल्यांनी तेवढा भाग अजून दाखवलेला नाही.