पांढरं धोतर आणि रंगनाथकाका

फोटो काढताना रंगनाथकाकांनी आयुष्यात कुणाला "हसा" म्हटलं नाही. ते म्हणायचे, "शेंगा फोडा."

हे माझे चुलते. औरंगाबादेत सरकारी कचेरीत कारकून, पण गळ्यात कायम कॅमेरा. स्टुडिओवर त्यांचा राग. "मागं पडद्यावर ताजमहाल अन् पुढं आपला करमाडचा माणूस. पंचनाम्याला आणल्यावानी बसतो." त्यांचं म्हणणं, हाताला काम द्या, तोंड आपोआप ठिकाणावर येतं. त्यामुळे आमच्या घराण्यात फोटोत नुसतं उभं कुणीच नाही. आजोबा दोर वळतायत, आत्या तांदूळ निवडतेय, आणि मी सहा वर्षांचा, हरवलेली चप्पल शोधतोय.

दुसरा नियम उन्हाचा. ऊन पाठीवर घ्यायचं आणि समोरून काकूंनी पांढरं धोतर ताणून धरायचं, म्हणजे त्यावरचा उजेड तोंडावर पडतो.

"अगं, उजेड खाली गेला, वर धर!"

"हात भरून आले माझे! उरका की आता."

"हलू नको, माणूस काळा पडतोय!"

बऱ्याच फोटोंत कडेला काकूंचा हात यायचा, हिरव्या बांगड्यांसकट. काका लोखंडी पट्टी आणि ब्लेड घेऊन बसायचे. "कडंला हात नाय पायजे," म्हणत कापून टाकायचे.

माझं लग्न कन्नडला झालं. "मांडवाचं कापड लाल, समदे टमाट्यावानी येतील," म्हणून काकांनी आम्हा नवरानवरीला भर दुपारी लिंबाखाली नेलं. मला काम दिलं, "तिच्या पदराची कुसळं काढ." लोक नवरीचा हात धरतात, मी कुसळं काढली.

काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या. हार घालायला फोटो शोधला. दोन पेट्या भरून फोटो, काकूंचा एकही नाही. "ती धोतर धरायची ना," काका एवढंच म्हणाले.

नंतर त्यांनी माझ्या लग्नाचा फोटो निगेटिव्हवरून पुन्हा मोठा करून आणला आणि पुढच्या खोलीत लावला. मी येईल-जाईल त्याला सांगायचो, "सगळ्यात लाडका पुतण्या कोण, बघा." बायको म्हणायची, "भिंतीचा पोपडा झाकायचा असेल."

गेल्या महिन्यात तो पडला, काच फुटली आणि फ्रेमही मोडली. मी काकांना घेऊन फ्रेमवाल्याकडे गेलो. तयार फ्रेम इंचभर लहान निघाली. फ्रेमवाल्यानं ब्लेड उचललं. "इधरसे काटूं? हा हात पण जाईल, साफ दिसेल."

मी फोटो तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. बायकोच्या बाजूला, अगदी कडेला, धोतराचं टोक घट्ट धरलेली बोटं आणि चार हिरव्या बांगड्या. तरी मी पुतण्याच्या शहाणपणानं बोललो, "कापा. काकांचाच नियम आहे."

काकांनी फ्रेमवाल्याचं मनगट धरलं. "तिकडून नाय. या बाजूनं काप."

"काका, या बाजूला मी आहे."

"तुला काय, रोज बघतोच की," काका म्हणाले.

आता त्या फोटोत माझी बायको पूर्ण आहे, मी अर्धा आहे, आणि बांगड्या चारही आहेत.