आधी संडास, मग चहा

बिदरकर काका कुणाच्याही घरी गेले की आधी संडास बघायचे. चहा नंतर. काचीगुड्यात आमच्या शेजारी एकटेच राहायचे. पाणीपुरवठा खात्यातले निवृत्त इंजिनियर. पुतण्यासाठी विद्यानगरला मुलगी बघायला गेले, तर मुलगी पोह्यांची बशी घेऊन ताटकळतेय आणि हे मागच्या बाजूला साखळी ओढून बघतायत! बाहेर येऊन म्हणाले, "करून टाका. घर चांगलं आहे, पाइपाला उतार बरोबर दिलाय." लग्न झालं बरं का, आणि चांगलं चाललंय.

त्यांचं एक पालुपद होतं : "एकट्या इंजिनियरचं काम नै हो ते!" इंजिनियरला पाइप दिसतो, डॉक्टरला जंत दिसतात, मास्तरणीला गैरहजर मुलगी दिसते, आणि जी बाई झाडते तिला सगळंच दिसतं, पण तिला कुणी विचारत नाही. साऱ्या जगाची घाण ह्या चौघांना एका टेबलाशी बसवल्याशिवाय जाणार नाही, हे ते दूधवाल्यालासुद्धा ऐकवायचे. दूधवाला बिचारा "हौ साब, हौ साब" करत सायकल पुढं काढायचा.

मी जवळच्याच एका मराठी शाळेत शिकवत होते. शाळेत मुलींसाठी संडास होता, पण त्यात जुनी बाकं कोंबलेली. सकाळी घरून निघाल्यावर पाण्याचा घोट घ्यायचा नाही, ही मुलींची शिस्त आणि आम्हा शिक्षिकांचीही. अशात शाळेला कुणीतरी कॉम्प्युटर दिला. संस्थेच्या सेक्रेटरींना काय आनंद! तो संडास पाडून तिथं कॉम्प्युटरची खोली बांधायची ठरली. मी संतापून काकांना सांगितलं. काका म्हणाले, "टेबल लावा."

मीटिंगला काका आले ते गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंना आणि शाळा झाडणाऱ्या लक्ष्मम्माला घेऊन. लक्ष्मम्मा खुर्चीवर बसताच सेक्रेटरींच्या कपाळाला आठी पडली. "ही कशाला इथं?" लक्ष्मम्मा उठून खाली बसली.

"ती उठली तर मीपण उठतो," काका म्हणाले, आणि खरंच उठून जमिनीवर मांडी घालून बसले. झालं! डॉक्टरीणबाई बसल्या, मीही बसले. सेक्रेटरी एकटेच खुर्चीवर, अगदी अवघडून गेले.

"अहो काका, जग कुठं चाललंय! खुली अर्थव्यवस्था आली," ते म्हणाले. "आणि मुली तो संडास वापरतच नव्हत्या. विचारा हिला."

विचारलं. लक्ष्मम्मा म्हणाली, "पोट्टियां कैसे जाते साब? दरवाजा खोले तो सामने सब पोट्टे." म्हणजे दार उघडायचं ते थेट मुलांच्या खेळाच्या मैदानावर. कोण जाईल? इतकी वर्षं आम्ही शिकल्यासवरलेल्या बायकासुद्धा हे मोठ्यानं बोललो नव्हतो. लाज वाटली मला.

आता काका सेक्रेटरींना फाडून खाणार असं वाटलं. पण काका नुसते उठले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी पाहते तर काका संडासाच्या दारात! खुर्ची टाकून, डबा आणि पेपर घेऊन बसलेले. मजूर घण घेऊन उभे.

"काका, उठा हो, लोक हसतायत," सेक्रेटरी म्हणाले.

"हसू दे. आधी दार फिरवा, मग उठतो."

"पोलिसांना बोलावीन!"

"बोलवा की. त्यांच्या चौकीतला संडासपण बघायचाय मला."

दुपारी मी चहा घेऊन गेले. म्हटलं, काका, ह्या वयात कशाला हा हट्ट?

"हे मीच बांधलंय, बाई," ते म्हणाले. "खात्यात असताना. उतार एकदम बरोबर आहे, बघा. आमची मुलगी सुनंदा ह्याच शाळेत होती. नववीत शाळा सोडून बसली. का, ते सांगेना. मी तिला कामचुकार म्हटलं. पाहुण्यांसमोर म्हटलं. काल लक्ष्मम्मानं सांगितलं तेव्हा कळलं मला." चहा तसाच निवत राहिला.

मग मात्र मी ऐकलं नाही. आम्ही सगळ्या शिक्षिकांनी वर्ग तिथंच उन्हात भरवले, काकांच्या भोवती. मुलींच्या आया आल्या, त्या हलेनात. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी नमले. कॉम्प्युटर त्यांच्याच ऑफिसात बसला. गवंड्यानं दार कंपाउंडच्या भिंतीच्या बाजूला फिरवलं. कुठं काय हवं ते लक्ष्मम्मा सांगत होती आणि काका मुकाट्यानं लिहून घेत होते.

संडास सुरू झाला त्या संध्याकाळी काका मला एसटीडी बूथवर घेऊन गेले. सुनंदा नांदेडला असते. वर्ष वर्ष दोघं बोलायचे नाहीत. नंबर लागला. ताठ उभं राहून काका म्हणाले, "सुनंदा, शाळेतलं दार फिरवलं गं. माझंच चुकलं होतं."

पलीकडून ती मग काहीतरी बोलली. काकांनी फोन ठेवला.

"काय म्हणाली?"

"विचारत होती, आतून कडी नीट लागते ना म्हणून." काकांनी बूथवाल्याचे पैसे दिले. "मी स्वतः बसवलीय, बाई. पण एकदा बघून येतो."

आणि बंद शाळेच्या दिशेनं चालायला लागले.