दाऊदचाचांच्या शिकारकाठ्या

आखातातल्या इब्री गावातल्या आमच्या दुकानात शिरल्यावर एखादा साठीचा गृहस्थ झाडूचा दांडा खांद्याला लावून गॅसच्या शेगड्यांवर नेम धरताना दिसला, तर घाबरू नका. ते आमचे दाऊदचाचा. गिऱ्हाइकं आधी दचकतात, मग फोटो काढतात.

आम्ही तंबू, दोर, कंदील, शेगड्या असा वाळवंटात मुक्काम ठोकायचा माल विकतो. चाचा रत्नागिरीकडचे, मी वसईचा. पण चाचांचं खरं खातं वेगळं. आमचे अर्बाब, म्हणजे दुकानाचे मालक, दर उन्हाळ्यात आफ्रिकेत रानरेड्यांच्या शिकारीला जायचे. बंदूक त्यांची. ती टेकवून नेम धरायच्या घडीच्या काठ्या निवडायचं काम चाचांचं. स्वतः चाचांनी कधी कोंबडी कापलेली नाही. ईदला बोकड आणला की ते बाहेर फेऱ्या मारत राहतात. रानरेड्याबद्दल मात्र शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं बोलतात.

बसणं त्यांना ठाऊकच नाही. चहा उभ्याने, जेवण अर्धं उभ्याने. ट्रक उशिरा आला, पगार लांबला, माझा संगणक अडकला, सगळ्याला त्यांचं एकच पालुपद असतं: "जनावर थांबनार हाय काय?"

यंदा तर त्यांनी उच्छाद मांडला. दोन पायांची काठी आली. हलकी, पण पुढेमागे डुलते म्हणून परत. चार पायांची खाटेसारखी घट्ट, पण ती उघडेपर्यंत रेडा घरी पोचेल म्हणून परत. तीन पायांची त्यांना आवडली, तर तिचे पाय मिटून ते तिच्यावर अख्खा भार टाकून बघायला लागले. हात धुवायच्या जागी फरशीवर पाणी ओतून तिथे ती टेकत टेकत चालायला लागले. मी म्हटलं, चाचा, आफ्रिकेत फरशी घातली की काय? एरवी त्यांनी मला दोन शिव्या हासडल्या असत्या. या वेळी मला तंबूंच्या आड घेऊन गेले.

अर्बाब घरात दोनदा पडले होते. डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता. मुलांनी आधाराची काठी आणली, ती त्यांनी खजुराच्या बागेत भिरकावली. इथले पुरुष लग्नाकार्यात मानाची बारीक छडी ऐटीत मिरवतात. काठीवर भार देऊन चालणं ही वेगळी गोष्ट.

"म्हातारपनाची काठी ते धरनार नायत, सायमन," चाचा येरझारा घालत म्हणाले. "शिकारीची धरतील. पन माझी लबाडी वलखली त हीपन फेकतील. आनि आता पडले त उठनार नायत."

शेवटी त्यांनी तीन पायांची काठीच ठरवली. तिन्ही पाय चामड्याच्या पट्ट्याने एकत्र बांधले, खाली जाड रबर बसवलं. अर्बाब दुकानात आले तेव्हा मी तिथेच होतो. त्यांनी काठी फिरवून पाहिली. खालचं रबर अंगठ्याने दाबलं. मग बराच वेळ चाचांकडे बघत राहिले. चाचा तंबूंकडे बघत होते आणि त्यांचे पाय जागच्या जागी चुळबुळत होते.

"माल चांगला आहे," अर्बाब अरबीत म्हणाले. "पण शिकारीला एकट्याने जात नाहीत. तू चल. यल्ला."

इतकी वर्षं चाचांनी अर्बाबांच्या बॅगा भरल्या, विमानतळापर्यंत सोडलं आणि एकटेच परत आले. चल, असं त्यांना कुणी कधी म्हटलं नव्हतं. त्यांनी कपाळाचा घाम पुसायचं निमित्त करून डोळे पुसले. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

आता दुपार कलली की असरच्या नमाजानंतर दोघं बागेत जातात. बंदूक नसते. पुढे काठी घेऊन अर्बाब, मागे गळ्यात दुर्बीण अडकवून चाचा. एकदा सह्या घ्यायला मीही त्यांच्या मागे गेलो होतो. पाटाच्या कडेने थोडं चालल्यावर अर्बाबांना धाप लागली. तरी ते थांबेनात. तेवढ्यात हात वर करून चाचा जागीच खिळले.

"अर्बाब, थांबा," ते कुजबुजले. "झाडीत काहीतरी हललं."

झाडीत काही नव्हतं. अर्बाब दोन्ही हातांनी काठीवर भार देऊन उभे राहिले. श्वास जागेवर येईपर्यंत झाडीकडे रोखून बघत होते. मग हळूच म्हणाले, "निसटला."

"निसटला," चाचा म्हणाले, आणि दोघं पुढे निघाले.