ओल्या होडीचं भाग्य

एका जंगलात, जिथे वाघसुद्धा पाणी प्यायला रांगेत उभा राहायचा (म्हणजे रांगेत पहिला उभा राहायचा), एक तळं होतं. त्याचं नाव आरसे तळं. पाणी इतकं नितळ, की तळाशी खेकडा कुणाशी भांडतोय ते काठावरून दिसायचं.

या तळ्याकाठी पाणोजी नावाचं पाणमांजर राहायचं. पाणोजीकडे एक होडी होती.

आता तुम्ही विचाराल, पाणमांजराला होडी कशाला? ते तर जन्मापासून पाण्यातलं. बाळांनो, तुमच्या शेजारचे काका कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला गाडी काढून जातात की नाही? मग पाणोजीला हसू नका.

जंगलात दर वर्षी होड्यांची शर्यत भरायची, दर वेळी वेगळ्या तळ्यावर. पाणोजी दर वर्षी उतरायचा आणि दर वर्षी त्याला उत्तेजनार्थ एक केळं मिळायचं. पाणमांजरं केळी खात नाहीत. पण बक्षीस ते बक्षीस, म्हणून तो ते घरी आणून ठेवायचा आणि ते काळं पडायचं.

"अहो, होडी ठेवा घरी आणि पोहत जा," त्याची बायको मरळाबाई म्हणायची. "सगळ्यांच्या आधी पोचाल."

"अगं, पोहत कुणीही जातं," पाणोजी म्हणायचा.

त्याला तीन पिल्लं होती. धाकटीचं नाव बुडबुडी. पावसाळा सरला की तिघांनी पोहायला शिकायचं, असं ठरलं होतं. पाण्यात पाय टाकताना पोरांनी ऐटीत म्हणावं, "आमचे बाबा शर्यत जिंकलेत," एवढीच पाणोजीची इच्छा होती. मोठी नव्हती हो. पण इच्छा लहान असली म्हणून घोटाळा लहान होतो असं थोडंच आहे?

त्या साली शर्यत डोंगरापलीकडच्या डुंबर तळ्यावर होती. सगळे होड्या खांद्यावर घेऊन पोचले आणि तळं शोधू लागले. तळं कुठे दिसेचना. जिकडे पाहावं तिकडे हिरवीगार गादी आणि तिच्यावर जांभळ्या फुलांचे तुरे. जलपर्णी म्हणतात तिला. तिच्यातून शर्यतीपुरती एक चिंचोळी वाट काढली होती, आणि तीही शिट्टी वाजेपर्यंत निम्मी बुजली.

सशाचं वल्हं अडकलं. माकड वल्हं ओढता ओढता स्वतःच पाण्यात गेलं. साळिंदराची होडी जागच्या जागी गोल फिरत बसली. पाणोजीने मात्र दातांनी मुळ्या कुरतडल्या, होडी ढकलली, पुन्हा कुरतडल्या, पुन्हा ढकलली आणि पहिला आला. दुसरा कुणी आलाच नाही.

काठावर डुंबर तळ्याची कालिंदी म्हैस रवंथ करत उभी होती. तिने पाणोजीला हाक मारली.

"पाव्हणं, जितलासा, लई ब्येस झालं. आता एक काम करा. होडीला जे चिकाटलंय ते झटकून टाका. आतलं पानी हितंच वता. मग उनात खडखडीत वाळू द्या आन् मगच घरी न्या."

"का बरं?"

"आमच्याकडं बी ही बया अशीच आली. एका होडीसंगं. मुळीचा तुकडा व्हता, बोटाएवडा."

पाणोजी हसला. त्याला वाटलं, म्हातारी जळते आहे. शिवाय रीत होती ना!

आरसे तळ्याची रीत अशी. जिंकून आलेली होडी पुसायची नाही, धुवायची नाही, वाळवायची तर नाहीच. तिच्यात भाग्य बसलेलं असतं. ते ओलं असेतोवर टिकतं, असं सगळे सांगायचे. म्हणून होडी ओलीगच्च मिरवत आणायची. जिंकलेल्या तळ्याचं जे पाणी तिच्यात साचलेलं असेल ते तीर्थ. ते वाजतगाजत आपल्या तळ्यात ओतायचं. कडेला जे काही लोंबत असेल ते तोरण. त्याला हात लावायचा नाही.

ही रीत कुणी पाडली? कुणालाच माहीत नव्हतं. म्हणूनच सगळे ती इतकी काटेकोर पाळत.

मिरवणूक जोरात निघाली. तळे विकास समितीचे अध्यक्ष धवलराव बगळे एका पायावर उभे राहून बोलले. (दुसरा पाय ते महत्त्वाच्या प्रसंगासाठी राखून ठेवत.) "पाणोजींनी केवळ शर्यत जिंकली नाही, तर आपल्या तळ्याचं नाव पाण्यावर कोरलं," ते म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तीर्थ तळ्यात ओतलं गेलं. तोरणातल्या दोन मुळ्या हळूच पाण्यात उतरल्या आणि स्थायिक झाल्या.

"अहो, हे काय आणलंत?" मरळाबाईने विचारलं.

"भाग्य," पाणोजी म्हणाला. पोरं बाबांकडे बघत होती. त्याला आभाळ ठेंगणं झालं होतं.

आठवड्याभरात पहिलं जांभळं फूल उमललं. धवलरावांनी त्याचा सत्कार केला. महिन्याभरात काठ हिरवा झाला. समितीने फलक लावला, 'पाणोजी उद्यान. फुले तोडू नयेत.' धवलरावांना तर फारच आवडलं. आता पाय न भिजवता तळ्याच्या मधोमध उभं राहता येई. पावसाळा सरेपर्यंत आरसे तळ्याचा आरसा पार झाकून गेला.

मग मासे श्वास घ्यायला वर येऊ लागले. त्यांना वर यायला जागा मिळेना. काही दिवसांनी ते यायचेच थांबले. डास तेवढे वाढले. घरी जेवणाच्या वेळी मरळाबाई पोरांसमोर एकेक गोगलगाय ठेवू लागली आणि पाणोजीशी बोलायची बंद झाली. पोहण्याचे धडे पुढे ढकलले गेले. पिल्लं जलपर्णीच्या गादीवर चालायला शिकली.

"पाण्यावर चालणारी पाणमांजरं!" धवलराव म्हणाले. "ही प्रगती आहे."

पाणोजीला मात्र रात्री झोप लागेना. डोळ्यांसमोर सारखी कालिंदी म्हैस रवंथ करत उभी राहायची. पण सांगणार कुणाला? उद्यानाला नाव त्याचंच होतं.

शेवटी वाघाने तक्रार केली, की पाणी पिताना मिशांत फुलं अडकतात. तेव्हा समितीची बैठक बसली. बराच खल झाला आणि ठराव झाला, की जंगलातल्या सगळ्या तळ्यांचा अभ्यास दौरा करावा. होडी अर्थातच भाग्याची, म्हणजे पाणोजीची. ती जिंकून आली तेव्हापासून घाटाला तशीच ओली उभी होती. चारी बाजूंनी जलपर्णीने तिला मिठी मारली होती.

दौऱ्याच्या दिवशी धवलराव हार घालून होडीत बसले. बाकीचे सदस्य फराळाचे डबे घेऊन बसले. पाणोजी वल्हं उचलणार, इतक्यात मरळाबाईची किंकाळी आली.

बुडबुडी गादीवर उड्या मारत होती. एका जागी पानं फाकली, ती खाली गेली आणि पानं पुन्हा मिटली.

मरळाबाईने तिथेच सूर मारला. तिच्या पाठोपाठ पाणोजी. बाळांनो, पाणोजी जन्मभर त्या पाण्यात राहिला होता, पण त्या दिवशी त्याला स्वतःचा पंजासुद्धा दिसला नाही. भर दुपारी खाली अमावास्या होती. वरून मुळ्यांचे दाट पडदे. कुठे वर, कुठे खाली, काही कळेना. मोठ्या पाणमांजराची ही गत, तर जिने कधी बुडीच मारली नव्हती तिचं काय झालं असेल?

उजेड हवा, एवढंच त्याला सुचलं. पोर उजेडाकडे येईल. पण उजेड यायला भोक कुठे आहे?

आणि त्याला आठवलं. साऱ्या तळ्यात एकच जागा अशी होती, जिथे जलपर्णी नव्हती. होडीच्या खाली.

तो वर आला. "उतरा!" तो ओरडला.

"दौरा रद्द करायचा तर तसा ठराव लागेल," धवलराव म्हणाले.

पाणोजीने होडी कलती केली. अध्यक्ष, सदस्य आणि फराळाचे डबे गादीवर पडले. मग त्याने दोर दातांत धरला आणि जीव खाऊन ओढला. मरळाबाई वर आली आणि मागून रेटू लागली. होडी करकरत काठावर आली.

मागे तळ्यात होडीच्या आकाराचं पाणी राहिलं. नितळ, काळंभोर. त्यातून ऊन सरळ तळापर्यंत उतरलं.

दोघं बघत राहिली. समितीसुद्धा गप्प झाली, आणि हे पहिल्यांदाच घडत होतं.

मग एक बुडबुडा आला. मग दुसरा. मग एक इवलंसं नाक.

मरळाबाईने लेकीला बाहेर काढलं, उराशी धरलं, पाठीवर थोपटलं. बुडबुडी खोकली, शिंकली आणि डोळे मोठे करून म्हणाली,

"आई, खाली एक खेकडा आहे. तो कुणाशी तरी भांडतोय!"

पाणोजी मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडला. तळं अजून तिथेच होतं. त्यानेच वर झाकण घातलं होतं.

रडून झाल्यावर तो उठला. सगळ्यांदेखत त्याने होडीच्या मुळ्या ओरबाडून काढल्या. आतलं पाणी तळ्यापासून लांब, तापल्या खडकावर ओतलं. दोर पिळला. आणि होडी उपडी करून उन्हात टाकली.

"अरे, भाग्य!" सगळे ओरडले. "भाग्य वाळेल!"

"वाळू दे," पाणोजी म्हणाला.

समितीने त्याचं नाव उद्यानावरून काढून टाकलं. पाणोजीला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून तो, मरळाबाई आणि पोरं त्या होडीएवढ्या पाण्याच्या कडेने जलपर्णी उपटू लागली. उपटायची आणि दूर काठावर वाळत घालायची. आधी होडीएवढं पाणी, मग अंगणाएवढं, मग खेकड्याचे नातेवाईक दिसू लागले. हळूहळू वाघसुद्धा हात लावायला आला. (म्हणजे कुठे उपटायचं ते दाखवायला आला.) पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पिल्लं पोहू लागली. बुडबुडी सगळ्यांत खोल जायची.

आणि अभ्यास दौरा? तो झाला की! समितीने माकडाची होडी घेतली. उरलेल्या जलपर्णीतून ती निघाली आणि ओलीच्या ओली प्रत्येक तळ्यावर गेली. प्रत्येक ठिकाणी तीर्थ ओतून स्वागत झालं. अहवालात लिहिलं, की ही समस्या आता सर्वत्र आढळते.

पुढची शर्यत पळसाच्या तळ्यावर होती. पाणोजीही निघाला. पण आधी होडी झटकली, ओतली आणि उन्हात खडखडीत वाळवली. वाळायला वेळ लागतो. तो पोचला तेव्हा शर्यत संपून मांडव सुटत होता. त्याला उत्तेजनार्थ केळं मिळालं.

परतताना वाट वाकडी करून तो डुंबर तळ्यावर गेला. कालिंदी म्हशीने ठणठणीत कोरड्या होडीकडे पाहिलं, पाणोजीकडे पाहिलं आणि मान डोलावली. पाणोजीने केळं सोललं, अर्धं तिला दिलं आणि अर्धं स्वतः खाल्लं. पाणमांजरं केळी खात नाहीत. पण त्याला ते गोड लागलं.

तात्पर्य: होडी कधीही झटकू नये, ओतू नये, वाळवू नये. वाळवली तर भाग्य जातं. न वाळवली तर फक्त तळं जातं, आणि तळी काय, जंगलात पुष्कळ आहेत. नक्की किती उरली, ते समितीला विचारा. ती पुढच्या दौऱ्यावर निघालीच आहे.