लाडवांचं केंद्रक

विज्ञान प्रदर्शनात यंदा पहिला नंबर आमचाच, हे मी स्टाफरूममध्ये आठ दिवस आधीच जाहीर करून टाकलं होतं! ब्रह्मपुरीच्या बाकीच्या शाळा थर्माकोलचे गोळे रंगवणार. आम्ही मात्र कार्बनच्या अणूचं केंद्रक चक्क लाडवांचं करणार होतो! सहा प्रोटॉन मोहाच्या फुलांचे, काळसर. सहा न्यूट्रॉन मुरमुऱ्यांचे, पांढरे. बोराएवढे लाडू, आणि सगळे गुळाच्या पाकाने एकमेकांना चिकटवलेले.

प्रकल्प दहावीतल्या दिव्यानीचा. हुशार पोरगी, पण एका प्रश्नापाशी तिची गाडी अडली होती.

"सर, प्रोटॉन एकमेकांले ढकलतेत ना? मंग केंद्रक फुटून काऊन नाई जात?"

"अगं, त्यांना धरून ठेवणारं एक बल असतं. अगदी जवळ असले की ते ढकलण्याला भारी पडतं. जरा लांब गेले की संपलं!"

हे मी चार वेळा शिकवलं. चारही वेळा तिने मान डोलावली, म्हणजे समजलं नव्हतं. परीक्षक नेमकं हेच विचारणार! आणि जिंकली तरच तिला जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी चंद्रपूरला जायला मिळणार होतं.

प्रदर्शन आमच्याच शाळेत होतं. त्या सकाळी मी केंद्रक ताटलीत घालून टेबलावर ठेवलं आणि नावाची पाटी आणायला वर्गात गेलो. दोनच मिनिटं! तेवढ्यात आमच्या सेविका अंजनाबाई आल्या. त्यांना इकडे लाडू दिसले, तिकडे रिकाम्या पोटी बसलेले पाहुणे दिसले.

परत येतो तर ताटली प्रमुख पाहुण्यांसमोर! पाहुणे म्हणजे माजी सरपंच लटारूभाऊ, वय सत्तर. त्यांनी मोहाचा एक लाडू ओढला होता आणि त्याला चिकटून मुरमुऱ्याचाही एक आला होता.

"भाऊ, थांबा! तो प्रोटॉन आहे!"

"प्रोटीन? हौ का! डाक्टर मले तेच खा म्हणून राह्यला!"

आणि दोन्ही तोंडात!

मग भाऊंचा जबडा थांबला. माझ्या बायकोने, स्वातीने, पाक असा काही कडक केला होता की वरची कवळी खालच्या कवळीला भेटली ती सुटेचना! नेमकं तेव्हाच माइकवर जाहीर झालं, "आता लटारूभाऊ दोन शब्द बोलतील." भाऊ उठले. माइकसमोर उभे राहिले. "म्म्म," म्हणाले. टाळ्या पडल्या!

अंजनाबाई गरम पाणी आणायला धावल्या. मी ताटली उचलून टेबलावर ठेवतोय, तर परीक्षक मॅडम हजर.

"पाटीवर कार्बन लिहिलंय. प्रोटॉन तर पाचच दिसतात!"

मी पाटी हाताने झाकायला गेलो. दिव्यानी मात्र शांत.

"हौ मॅडम. एक प्रोटॉन आन एक न्यूट्रॉन भाऊनं खाल्ला. आता हे बोरॉन झालं."

तिने पेन काढून पाटीही दुरुस्त केली. मॅडम खळखळून हसल्या.

"बरं, मग हे गोळे धरून कोण ठेवतं?"

आला तो प्रश्न! मी डोळे मिटले. दिव्यानी भाऊंकडे बघत होती. गरम पाण्याने त्यांच्या कवळ्या एकदाच्या सुटल्या होत्या आणि ते आता मजेत बोलत होते.

"मॅडम, भाऊच्या कवळ्या भिडून होत्या तवा पूरा जोर लावून बी सुटल्या नाई. जराशा दूर झाल्या, का ओढ खतम! केंद्रकातलं बल बी तसंच. भिडून असले त ढकलण्याच्या वरचढ, दूर गेले त काईच नाई. म्हणून केंद्रक फुटून नाई जात."

पहिला नंबर आला! बक्षीस देताना मॅडमनी कौतुकाने विचारलं, "इतकं छान समजावलं कोणी गं तुला?"

मी पुढे सरकून शर्टाची कॉलर नीट केली.

"लटारूभाऊनं," दिव्यानी म्हणाली.

भाऊ हात जोडून उभे राहिले. पुन्हा टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, करतो काय!