बिनउंबरठ्याचं घर

दारव्ह्यात आमचं घर कुणी विचारलं, तर पानठेल्यावरचा माणूसही सांगायचा, "उंबरठा नाई तेच ना? सरळ जा." मान खाली घालून मी पुढे चालू लागायची.

हे घर माझ्या सासऱ्यांचं. आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो, गाव म्हणायचं ड्रॉइंग मास्तर. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली आणि रिटायर झाल्यावर स्वतः नकाशा काढून नव्या फॅशनचं घर बांधलं. गोल व्हरांडा, सिमेंटची जाळी, फिकट हिरवी भिंत. रस्त्यावरून जाणारा थांबून बघायचा. आत आल्यावर मात्र त्याला कळायचं, की हे घर मोत्याच्या आणि मनीच्या मापानं बांधलंय. मोत्या म्हणजे घरचा म्हातारा कुत्रा, मागच्या एका पायानं अधू. मनी ही मांजर.

मोत्याला पायऱ्या चढवत नसत, म्हणून पायऱ्यांच्या जागी उतार. गुळगुळीत जमिनीवर त्याचे पाय फाकत, म्हणून लाल कोबा ओला असतानाच त्यावर खराट्यानं रेघा ओढून घेतल्या. आपल्या घोटलेल्या जमिनीत तोंड दिसतं, अशी शेखी मिरवणारा मिस्त्री रडकुंडीला आला. "मास्तर, लोकं म्हनतीन, याले घोटताच येत नाई."

"लोकं राह्यणार हायेत का इथं?" मामाजी म्हणाले. "आधी राह्यणाऱ्याले इचारा."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नुसतं बोलून थांबायचे नाहीत, खरोखर उकिडवे बसून विचारायचे, "काय मोत्या, घसरते का रे?" मोत्यानं शेपूट हलवली की काम मंजूर. स्वयंपाकघरात चुलीशेजारी, जमिनीपासून हातभर उंचीवर एक खिडकी ठेवली होती. तिला गल्लीतल्या बायका मांजरीची खिडकी म्हणत. आणि मोत्याला पाय उचलून ओलांडता येत नाही, म्हणून अख्ख्या घराला उंबरठाच नव्हता.

हे मला लग्न होईपर्यंत कुणी सांगितलं नाही. कळलं ते थेट गृहप्रवेशाच्या वेळी, साऱ्या वऱ्हाडासमोर. नव्या नवरीनं उंबरठ्यावरचं तांदळाचं माप पायानं लवंडायचं आणि आत यायचं, ही आपली रीत. इथे उंबरठाच नाही, तर माप ठेवायचं कुठं? बायकांची बरीच कुजबुज झाली. शेवटी नवऱ्याच्या आत्यानं ते दाराच्या मधोमध जमिनीवरच ठेवलं. नाव घ्यायला मी तोंड उघडते न उघडते तोच उतारावरून मोत्या आला, त्यानं माप लवंडलं आणि तांदूळ तुडवत रुबाबात आत गेला.

"झाला गृहप्रवेश," मागून कुणीतरी म्हणालं. वऱ्हाड हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं. पाठराखीण म्हणून आलेल्या माझ्या काकूंनी तर तो किस्सा माझ्या माहेरी, नेरच्या बस स्टँडपर्यंत पोचवला. "आमच्या पोरीच्या आधी कुत्रं सून झालं त्या घरची!"

पुढे हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका दारातच थबकायच्या. "उंबरठ्याले हळदकुंकू कुठं लावतं वं तू?" मी पदर सारखा करायची आणि चहा ठेवायला आत पळायची. आत ती मांजरीची खिडकी. तिच्यातून डोकावून कुणी पुन्हा हसू नये म्हणून मी पहिल्याच आठवड्यात तिच्यावर पोत्याचा पडदा ठोकला.

संक्रांत झाल्यावर आई पहिल्यांदाच माझ्या घरी येणार होती. काकूंचा किस्सा तिच्या कानावर गेलाच होता. आता ती स्वतःच्या डोळ्यांनी बघणार होती. मी नवऱ्याला बजावलं, आई यायच्या आत उंबरठा बसला पाहिजे, नाहीतर मी तिच्याबरोबर नेरला जाईन. त्यांनी निरोप वडिलांना दिला आणि सायकल काढून ऑफिसात पळ काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री सागवानी लाकूड घेऊन दारात हजर. मामाजी कानावर पेन्सिल लावून स्वयंपाकघराशी आले.

"किती उंच पाह्यजे, सांग."

मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. सासऱ्याला सुनेनं माप सांगायचं?

"आता राह्यणारी तू. तुले नाई इचारू तं कोणाले इचारू?"

मला त्यांचा रागच आला. "तुमाले वाटन तेवढा करा," मी म्हणाले. "अन् थे मांजरीची खिडकी बी बुजवून टाका. बाया हासतात मले."

मामाजी पेन्सिल बोटांत फिरवत राहिले.

"मनीची नाई थे," ते म्हणाले. "तुही सासू जुन्या घरी सारा जनम चुलीपुढं बसली. खिडकी होती, पन उभ्या माणसाच्या उंचीची. धूर तिच्या डोळ्यात, अन् बाहेरचं काईच दिसे नाई. मोत्या जवळ बसे, तेवढीच तिची सोबत. साऱ्या गावाले नकाशे काढून देल्ले म्या. तिले एक डाव इचारलं नाई. इचाराची बुद्धी झाली, तवा ते राह्यली नाई."

मग म्हणाले, "लोकायले कसं सांगू? लाज वाटते. मांजरीची म्हनलं का हासतात अन् सोडून देतात."

माझी मान वर होईना. मी उठले, पोत्याचा पडदा ओढून काढला आणि चुलीपुढच्या पाटावर बसले.

"दिसते का?" त्यांनी विचारलं.

समोर अंगण होतं, विहीर होती, रस्त्यावरून कापसाच्या गाड्या चालल्या होत्या. उन्हात मोत्या पसरला होता.

"दिसते," मी म्हणाले.

"तिच्या मापानं केली होती. तुले खाली-वर होत असन तं सांग."

तेवढ्यात बाहेरून मिस्त्रीनं हाक मारली, "मास्तर, उंबरठा केवढा करू?"

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीतून मोत्याकडे बोट केलं.

"आधी राह्यणाऱ्याले इचारा," मी म्हणाले.