गिटारीतल्या सासूबाई

"गिटारचा जीव तारांत नसतो, वाजवणाऱ्याच्या बोटांतही नसतो! तो असतो पोटावरच्या फळीत! आणि जगातल्या तमाम कारागिरांनी निव्वळ भीतीपोटी ती फळी जाड ठेवली आहे. मी ती पापडाएवढी पातळ करून दाखवणार!"

सन एकोणीसशे एकसष्टच्या मार्चातल्या एका रविवारी, चामराजपेटेतल्या आपल्या घराच्या जिन्यावर उभं राहून जयसिंगरावांनी ही घोषणा केली. श्रोते दोन होते. एक शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर सुब्बाराव आणि दुसरे मेहुणे विठोजी, जे दिवाळीत चार दिवसांसाठी राहायला आले होते. घोषणेनंतर ती ऐतिहासिक फळी पाहायला तिघं गच्चीवर गेले.

फळी उन्हात होती. फळीवर संडिगे, म्हणजे इकडचे सांडगे, वाळत होते. तांदळाच्या पिठाचे, सढळ हातानं हिंग घातलेले, ओळीनं एकशे वीस!

"अगं, काय केलंस हे!" जयसिंगराव ओरडले. "साठ वर्षं वाळलेलं लाकूड आहे ते!"

"म्हणूनच घातले," त्यांच्या पत्नी पुष्पावतीबाई शांतपणे म्हणाल्या. "ओल धरत नाही."

संडिगे खरवडून निघाले. हिंग निघाला नाही.

जयसिंगराव बावीस वर्षं एका कारखान्यात लाकडी साचे करत होते. त्यांच्या साच्यावरून लोखंडाचे भाग ओतले जात, भागांवर कारखान्याचं नाव उमटे आणि साचा यथावकाश कुणाच्या तरी न्हाणीघरातल्या हंड्याखाली जळे. आपलं नाव असलेली एक तरी वस्तू जगात असावी, एवढीच त्यांची इच्छा होती. तेवढ्यासाठी कँटोनमेंटातल्या एका दिवंगत मेमसाहेबांच्या लिलावातून त्यांनी मोडका पियानो आणला होता. पियानोच्या पोटातलं विलायती स्प्रूसचं लाकूड म्हणजे तीच ही फळी.

एरवी गिटारच्या फळीला आतून पंख्याच्या काड्यांसारख्या सात-आठ पट्ट्या चिकटवतात. जयसिंगरावांनी आगकाडीएवढ्या पट्ट्यांची उभी-आडवी जाळी बसवली, विमानाच्या पंखात असते तशी. त्या जाळीच्या भरवशावर फळी घासत घासत दीड मिलिमीटरवर आणली. मिलिमीटर सरकारनं नुकताच आणला होता. गल्लीत त्याचा उपयोग करणारे ते पहिलेच.

फळी दिव्यासमोर धरली की पलीकडच्या बोटांची सावली दिसे. टिचकी मारली की आवाज लगेच थांबत नसे. शेजारच्या खोलीत कुणीतरी उसासा टाकावा, तसा तो मागाहून येत राही. तीन आठवड्यांत गिटार पुरी झाली. भोकातून दिसेल असं आत लेबल चिकटवलं : 'जयसिंगराव, चामराजपेट, बेंगळूर'. कँटोनमेंटातल्या हॉटेलात गिटार वाजवणारे डिकॉस्टा शनिवारी ती नेणार होते आणि रविवारी जलशात वाजवणार होते.

तोवर ती माजघरात खिळ्याला टांगली. ओल नसलेली भिंत घरात तेवढी एकच. त्या भिंतीवर जयसिंगरावांच्या मातोश्री इंदिराबाईंचा फोटो होता.

इंदिराबाईंना जाऊन वर्ष झालं होतं. हयातीत त्यांनी कुणाला हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. फक्त "हूंऽऽ" म्हणत. नाकातून, खालच्या पट्टीत, लांबवून. त्या एका हुंकारावर घर चालत असे. पुष्पावतीबाई इथल्या रिवाजाप्रमाणे सासूला अत्ते म्हणत आणि अजूनही फोटोला सांगितल्याशिवाय उंबरा ओलांडत नसत.

मंगळवारी दुपारी तीनची वेळ. गल्ली चिडीचूप. पुष्पावतीबाई पिशवी घेऊन फोटोसमोर उभ्या राहिल्या.

"अत्ते, मार्केटला जाऊन येते."

"हूंऽऽ."

पिशवी खाली पडली. माजघरात कुणी नव्हतं. कौलातल्या काचेतून आलेला उन्हाचा पट्टा जमिनीवर स्थिर होता आणि फडताळातली पितळेची भांडी बारीक थरथरत होती.

"अ... अत्ते?"

"हूंऽऽ."

जयसिंगराव कामावरून आले तेव्हा बाई अंगणात, विठोजी बाईंच्या मागे आणि सुब्बाराव कुंपणापलीकडे, असं सगळं घर बाहेर उभं होतं.

"खुळे आहात!" जयसिंगराव आनंदानं जवळजवळ नाचले. "साधं शास्त्र आहे! हिच्या आवाजाची पट्टी आणि एका तारेची पट्टी जुळली. ही बोलली की तार थरथरते, तारेबरोबर फळी. फळी इतकी हलकी, की बोलणं थांबलं तरी ती घुमतच राहते! जगात अशी फळी नाही!"

"मग तुम्ही बोला पाहू."

जयसिंगराव फोटोसमोर गेले. घसा खाकरून म्हणाले, "आई!"

शांतता.

सुब्बारावांनी "नमस्कार, अम्मा" म्हणून पाहिलं. शांतता. विठोजींनी दारातूनच "मावशी, मी काही केलं नाही" असं सांगितलं. शांतता.

"अत्ते, जेवलात?" पुष्पावतीबाईंनी विचारलं.

"हूंऽऽ."

"ऐकलंत? तुमच्याशी कशाला बोलतील त्या? शेवटच्या दुखण्यात हाका मारमारून थकल्या. तुम्ही आपले 'आलो, आलो' म्हणत रंधा मारत बसलेले!"

ते खरं होतं.

"पण अक्का," विठोजींना शंका आली, "फळी मेमसाहेबांच्या पियानोची. मग भूत त्यांचं नको का?"

"मेम असती तर 'यस' म्हणाली असती!" बाईंनी वाद मिटवला.

त्यानंतर घराचा कारभार झपाट्यानं सुधारला. "अत्ते, मधल्या खोलीतली लाकडं उद्याच हलवायची ना?" हूंऽऽ. "अत्ते, विठोजीनं आंब्यांपर्यंत राहायचं ना?" हूंऽऽ. विठोजींचा भुतांवर पूर्ण विश्वास बसला. गुरुवारी गल्लीतल्या बायका नारळ घेऊन आल्या. सुब्बारावांनी नवी बत्तिशी बसवावी की नाही, हे बाईंमार्फत विचारून घेतलं आणि "सरी, सरी", बरं, बरं, म्हणत समाधानानं गेले. इंदिराबाईंनी नाही म्हटलं, असा एकही माणूस निघाला नाही.

आपण त्या फळीच्या आत डोकावून पाहिलं आहे, जाळीतली प्रत्येक पट्टी आपल्या हातची आहे, हे जयसिंगराव स्वतःला सांगत राहिले. तरी त्या भिंतीकडे पाठ करून जेवायला बसायचं ते टाळू लागले. शुक्रवारी पाहतात तर गिटारच्या गळ्यात मल्लिगेचा ओला गजरा, आणि फळीवर कुंकवाचं बोट!

"अगं, ओल लागली तर फळी फुगेल!"

"फोटोला घातलेला चालतो, मग अत्तेंना का नाही?"

शनिवारी डिकॉस्टा आले. कन्नड आणि इंग्रजी सम प्रमाणात बोलत त्यांनी गिटार खिळ्यावरून काढली, दोन सूर छेडले आणि त्यांचा चेहराच बदलला.

"मिस्टर राव, ही वाजत नाही. ही बोलते!"

"माहीत आहे," जयसिंगराव खिन्नपणे म्हणाले.

डिकॉस्टांनी प्रवासासाठी सगळ्या तारा सैल केल्या, गिटार पेटीत ठेवली. पेटी मिटणार, एवढ्यात पुष्पावतीबाई आडव्या आल्या. त्यांच्यामागे नारळवाल्या बायका.

"अत्तेंना हॉटेलात पाठवणार? नाचगाण्यात? आयुष्यात कॉफीसुद्धा बाहेर प्यायल्या नाहीत त्या!"

"गिटार आहे ती, पुष्पा! उद्या जलसा आहे! तिच्यात माझं नाव आहे!"

"आणि तुमची आई आहे!"

जयसिंगरावांना एकदम युक्ती सुचली. काहीही विचारलं तरी उत्तर एकच येतं! ते छाती पुढे काढून म्हणाले, "विचार तिलाच! ती म्हणेल ते मला मान्य!"

बाई पेटीवर वाकल्या. "अत्ते, तुम्हाला जायचंय?"

शांतता.

"अत्ते, या माणसाबरोबर जायचंय तुम्हाला?"

काहीच नाही. बाईंना उत्तर नाही, असं चार दिवसांत पहिल्यांदाच. दाराशी कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. बायका एकेक पाऊल मागे सरल्या.

"नाही म्हणाल्या," विठोजी कुजबुजले.

बावीस वर्षांचे साचे हंड्याखाली गेले, आता हेही खिळ्यावर जाणार. जयसिंगराव पेटीपाशी मटकन बसले. शास्त्र, पट्टी, फळी सगळं विसरले. गळा भरून आला आणि आवाज लहान मुलासारखा बारीक निघाला.

"आई, हाक ऐकली होती गं मी. यायला उशीर केला. आता एवढं जाऊ दे ना."

"हूंऽऽ."

लांब, नाकातून, खालच्या पट्टीत. फडताळातली भांडी थरथरली.

पुष्पावतीबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि स्वतःच्या हातानं पेटी मिटली. डिकॉस्टा टांग्यात बसून निघून गेले. जयसिंगराव फाटकाशी उभं राहून हसत होते. गळा दाटला, आवाज चढला, पट्टी जुळली. साधं शास्त्र!

टांगा वळणावर दिसेनासा झाला तेव्हा त्यांना आठवलं, की तारा तर आधीच सैल केल्या होत्या.

मंगळवारपर्यंत ते माजघरात एकटे गेले नाहीत. मंगळवारी डिकॉस्टांचं पत्र आलं. सुब्बारावांनी नव्या बत्तिशीतून शिट्टी वाजवत ते इंग्रजीतून कन्नडात आणि कन्नडातून मराठीत आणलं. जलसा अपूर्व झाला होता. लोक शेवटच्या सुरानंतर मिनिटभर श्वास रोखून बसले होते. एका म्हातारीला रडू आलं. वाद्य कुणी केलं, असं पुष्कळांनी विचारलं.

"मग? लेबल दाखवलं ना?" जयसिंगराव पुढे सरकले.

"लेबलावर कुंकू सांडलंय, नाव वाचता येत नाही, असं लिहिलंय. आणि पुढे... स्वल्प थांबा हं... वाजवू लागलं की भोकातून एक वास येतो. पहिल्या रांगेतल्या मंडळींना फार भूक लागते. तो कशाचा, अशी चौकशी आहे. जो काही पदार्थ असेल, तो पन्नास माणसांपुरता पाठवावा."

जयसिंगरावांनी फोटोकडे पाहिलं. शेजारचा खिळा रिकामा होता. इंदिराबाई काही बोलल्या नाहीत.

"अहो," पुष्पावतीबाई पदर खोचत म्हणाल्या, "त्या पियानोची दुसरी फळी आहे ना, ती द्या पाहू जरा. गच्चीवर ऊन चांगलं आहे."